भाऊबीजेला वहिनींना माहेरी पाठवा

दिवाळी जवळ आली की एक मेसेज हमखास येतो. सैनिकांसाठी फराळ पाठवायचाय, अमुक तारखेपर्यंत डबे जमा करा. मी दरवर्षी देते. डोंगरात कुठेतरी उभ्या असलेल्या पोराच्या हातात घरची चकली पडावी, ही इच्छा खरी आहे आणि चांगली आहे. पण आज मला लिहायचंय ते तिथून परत आलेल्यांबद्दल. जे स्वतःच्या पायांनी गेले आणि स्ट्रेचरवरून घरी आले, त्यांच्या घरच्या दिवाळीबद्दल.

माझा मामेभाऊ त्यातलाच एक. ड्युटीवर असताना पहाडी रस्त्यावर गाडी दरीत गेली, मणक्याला मार बसला आणि कंबरेखालचं सगळं गेलं. तेव्हा दादा ३१ वर्षांचा होता आणि त्याची लेक तीन वर्षांची.

लोक भेटायला येतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, "गोळी लागली का?" गाडी दरीत गेली असं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी विझतं. दादाला ते दिसतं. मलाही दिसतं आणि माझा जीव तुटतो. शत्रूच्या गोळीने मणका मोडला काय आणि बर्फात घसरलेल्या ट्रकमुळे मोडला काय, दोघांच्या अंगावर वर्दी होती आणि दोघंही हुकमावरून तिथे गेले होते. लष्कराच्या कागदावर मात्र ते दोन वेगळे रकाने आहेत, बॅटल कॅज्युअल्टी आणि फिजिकल कॅज्युअल्टी. अपंगत्व १०० टक्के धरलं, तर युद्धात जखमी होऊन घरी पाठवलेल्याला पेन्शनमध्ये त्यापोटी शेवटच्या पगाराच्या १०० टक्के मिळतात आणि ड्युटीवरच्या अपघातात जखमी झालेल्याला ३० टक्के. सरकारने असा फरक का केला, हे मी समजू शकते. पण समाजाने आपल्या मायेतही तोच फरक करावा, हे मला पटत नाही.

आता तीन वर्षांपूर्वीची दिवाळी सांगते. वसुबारसेच्या दिवशी एका मंडळाची माणसं घरी आली. नाव घेत नाही, कारण मनाने चांगली माणसं होती ती. फराळाचा मोठा बॉक्स, शाल, श्रीफळ, मुलीला रंगपेटी. वहिनींनी बावीस कप चहा केला. फोटो नीट यावा म्हणून कुणीतरी म्हणालं, व्हीलचेअर नको, खुर्चीत बसवूया. दोघांनी दादाला उचलून हॉलमधल्या लाकडी खुर्चीत बसवलं. त्याच्या व्हीलचेअरवर खास गादी असते आणि तो दर वीस-पंचवीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलतो, म्हणजे एकाच जागी भार राहत नाही. त्या खुर्चीला हातच नव्हते. भाषणं झाली, फोटो झाले, कुणाची तरी वाट बघणं झालं. दीड तास. दादा काही बोलला नाही. आलेल्या माणसांचा मान ठेवायचा म्हणून गप्प बसला.

रात्री वहिनींना माकडहाडापाशी लाल चट्टा दिसला. बोटाने दाबला तरी पांढरा पडेना. पंधरा दिवसांत तिथे जखम झाली. ती भरायला फेब्रुवारी उजाडला. तोपर्यंत दादा पालथा किंवा कुशीवर, आणि वहिनी रोज ड्रेसिंग करत. ज्या शरीराला दुखणंच कळत नाही त्याला दीड तासाची खुर्ची किती महागात पडते, हे बाहेरच्यांना कसं कळणार? सांगणारं कुणीतरी पाहिजे. म्हणून मी सांगतेय.

त्या घरात दिवाळी कशी असते ते ऐका. अभ्यंगस्नानाचं पाणी वहिनी आधी स्वतःच्या कोपरावर घेऊन बघतात, कारण दादाच्या पायावर कढत पाणी पडलं तरी त्याला समजणार नाही, कातडी सोलून निघाली की मगच दिसेल. पणत्या जमिनीवर लावत नाहीत, सगळ्या कट्ट्यावर. आणि सणाची रात्र असो नाहीतर साधी, दर दोन-अडीच तासांनी गजर होतो. वहिनी उठतात, एक हात खांद्याखाली आणि एक कमरेखाली घालून त्याला कुशीवर वळवतात, गुडघ्यांच्या मधे उशी ठेवतात, लघवीची नळी कुठे दबली नाही ना ते बघतात, पिशवी बघतात आणि परत आडव्या होतात. त्या वर्षी याला सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत त्या बाई एक रात्र सलग झोपल्या नव्हत्या. मामी आहेत, पण त्यांचे गुडघे गेलेत, त्यांच्याच्याने वजन उचलवत नाही.

हे मला कधी कळलं? त्याच दिवाळीत, भाऊबीजेला. मी दादाला ओवाळायला गेले होते. ओवाळून झालं, ताटात त्याने पाकीट टाकलं. मी सहज म्हणाले, "वहिनी, तुमचे दादा कधी येतात ओवाळून घ्यायला?" त्या म्हणाल्या, "येतो की संध्याकाळी, तासभर. मीच नाही गेले, हे असं झाल्यापासून." त्यांचं माहेर चाळीस किलोमीटरवर आहे. मी दरवर्षी माझ्या भावाला ओवाळायला त्याच घरी यायचे, पोटभर जेवायचे, डबा घेऊन परतायचे. त्या घरातल्या बाईलाही एक भाऊ आहे, हे मला सहा वर्षांत सुचलं नाही.

पुढच्या वर्षी मी पाडव्याला सकाळीच गेले आणि वहिनींना म्हटलं, बॅग भरा. त्यांनी आधी नाहीच म्हटलं. मग दिवसभर शिकवलं. कसं वळवायचं, ओढायचं कसं नाही, चादरीला सुरकुती पडू द्यायची नाही, लघवीचा रंग गढूळ दिसला तर कुणाला फोन करायचा. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्या लेकीला घेऊन एसटीत बसल्या आणि दोन रात्री राहून आल्या. दुसऱ्या रात्रीनंतर माझी पाठ अशी धरली की वाकता येईना. दादा हसत होता, "तुझी वहिनी कोणत्या मातीची आहे ते कळलं ना आता?" मग बराच वेळ छताकडे बघत पडला आणि म्हणाला, "ती गेली हे बरं झालं. मला तिला जा म्हणताच येत नव्हतं."

सरकार अशा घरांसाठी काहीच करत नाही, असं मी म्हणणार नाही. पूर्ण अपंगत्व असेल आणि सोबत सतत माणूस लागत असेल, तर पेन्शनबरोबर कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर, २०१७ मध्ये, तो महिना ६,७५० रुपये ठरला. म्हणजे दिवसाला सव्वादोनशे. महागाई भत्त्याबरोबर तो वाढतो, पण एवढ्यात रात्री तीन वेळा उठणारं माणूस मिळत नाही. म्हणून ते काम बायको करते, आई करते, कुठे शाळा सोडलेला धाकटा भाऊ करतो.

आणि जखमी जवानांसाठी उभं राहण्याची परंपरा आपल्याकडे नाही, असंही नाही. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या शिपायांना हातात काहीतरी कसब मिळावं म्हणून १९१७ साली सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आज खडकीत आहे. पुण्यातलं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं. दादा ११ महिने राहिला ते खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर, म्हणजे मणक्याला मार बसून पाय गेलेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र, १९७४ चं. पलंगावरून व्हीलचेअरवर एकट्याने सरकायला तो तिथेच शिकला, आणि आपल्यासारखी आणखी माणसं आहेत हेही त्याला तिथेच पहिल्यांदा दिसलं. तिथून आला तो निम्मा बरा होऊन आला, असं मामी म्हणतात.

भेटायला येणारे त्याला पेटकरांचं उदाहरण देतात. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे, दादालाही आहे. पण जो माणूस आज स्वतःच्या हाताने मोजे घालायला शिकतोय त्याला "तुम्हीही पदक आणा" म्हणू नका. मोजे घालता आले तेव्हा त्या घरात पेढे वाटले होते.

आता फराळाच्या डब्यांकडे परत येते. डबे पाठवाच. पण तुमच्या गावात, तालुक्यात असं एखादं घर असेल तर तिथे आधी फोन करा आणि विचारा, "काय लागतंय?" उत्तर बहुतेक वेळा अगदी साधं येईल. बाथरूमच्या दाराला उंबरा आहे, तो काढायला गवंडी हवाय. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यात न्यायला गाडी हवीय, ज्यात व्हीलचेअर मावेल. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो आणि 'स्पर्श'वर, म्हणजे लष्करी पेन्शनच्या पोर्टलवर, अंगठा लागत नाही, कुणीतरी मोबाइल घेऊन घरी या. मुलीला शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून हवाय. गेल्या वर्षी तो फॉर्म गल्लीतल्या बारावीच्या पोराने भरून दिला, चाळीस मिनिटं लागली. दादा अजून त्याचं नाव काढतो. घर माहीत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, त्यांच्याकडे कुठे काय अडलंय याची माहिती असते.

आणि पैसेच द्यायचे असतील तर ७ डिसेंबर लक्षात ठेवा. १९४९ पासून तो ध्वजदिन आहे. शाळेत असताना लाल, गडद निळा आणि फिकट निळा असे पट्टे असलेला छोटा झेंडा छातीला टाचायचो ना आपण, तोच. तो निधी शहिदांच्या कुटुंबांसाठी, अपंग जवानांसाठी, माजी सैनिकांसाठी वापरतात. दिवाळीचे दिवे उतरल्यावर येतो म्हणून आपल्या लक्षात राहत नाही.

घरी जाऊन सत्कार करायचा असेल तर व्हीलचेअरवरच करा. फोटोत ती दिसू द्या. आणि शाल आणलीच असेल तर दोन आणा.

यंदा मी पुन्हा पाडव्याला जाणार आहे. माझ्या मोठ्या मुलालाही नेतेय, अठराचा झालाय, त्याच्या हातात ताकद आहे आणि मामाचा तो लाडका. वहिनींनी परवा फोन केला होता. म्हणाल्या, "या वर्षी तीन रात्री राहिले तर चालेल का हो ताई?" मागून दादाचा आवाज आला, "चार सांग, चार."