वृद्धाश्रमातला आजारी माणूस आणि सरकारी विमा

आईवडिलांना वृद्धाश्रमात ठेवलेल्या बहुतेक घरांत एक समज पक्का असतो: केंद्र सरकारचं आयुष्मान किंवा गोवा सरकारचं दीनदयाळ विमा कार्ड आहे, म्हणजे आजारपणाची काळजी मिटली. ती मिटते हॉस्पिटलात दाखल असेपर्यंत, आणि फार तर डिस्चार्जनंतरचे थोडे दिवस. आश्रमाचं महिन्याचं शुल्क, भरवायला-पुसायला ठेवलेली बाई, डायपर, एअर मॅट्रेस, रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, यातलं काहीही या योजनांत बसत नाही. खाजगी मेडिक्लेमचं तेच. पॉलिसीत ‘एक्सक्ल ०५’ हे कलम शोधा. अंघोळ, कपडे, हिंडणं-फिरणं यासाठी लागणारी देखभाल घरी घ्या की संस्थेत, ती सरळ वगळलेली असते.

आता हक्काचं काय ते बघा. वयाची ७० वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, जुन्या आजारालाही पहिल्या दिवसापासून. नवराबायको दोघंही सत्तरीपुढची असतील तर ५ लाख दोघांत मिळून. सीजीएचएस (केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असलेल्यांना मात्र दोन्हींतलं एकच निवडावं लागतं.

सत्तरीच्या आतल्यांना आधार दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचा. गोव्यात किमान ५ वर्षांचं वास्तव्य हवं. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर ४ लाख, आणि ते सगळ्या घराचे मिळून. इथेच घोळ होतो. माणूस म्हापशाच्या आश्रमात, कार्ड डिचोलीच्या घरी कपाटात, आणि त्याची मुदत कधीच संपलेली. रात्री १०८ बोलावल्यावर ते कोण शोधणार?

वय वंदना कार्ड काढताना अडतं ते ई-केवायसीवर, म्हणजे आधारवरून ओळख पटवण्यावर. वय आधारवरचंच धरतात, त्यामुळे जन्मतारीख चुकलेली असेल तर आधी ती दुरुस्त करा. ओटीपी जातो आधारला जोडलेल्या मोबाइलवर, आणि तो नंबर बहुतेक वेळा बोटीवर किंवा आखातात असलेल्या मुलाचा असतो. म्हाताऱ्या माणसाच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीनवर अंगठा चार वेळा दाबूनही ठसा उमटत नाही. तिथे डोळ्यांची बुबुळं किंवा चेहऱ्याची पडताळणी चालते, ती मागून घ्या. हे सगळं आश्रमात प्रवेश घेतानाच उरकायला हवं, कारण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला नंतर केंद्रावर नेणं म्हणजे त्याचे हाल.

माझा खरा आक्षेप पुढचा आहे. डिस्चार्जनंतर योजना फक्त १५ दिवसांची औषधं आणि तपासण्या बघते. खुब्याचं हाड मोडलेल्या पंचाहत्तरीतल्या बाईचं ऑपरेशन, इम्प्लांट, खाट, जेवण सगळं योजनेच्या ठरलेल्या पॅकेजमध्ये होतं. मग ती आश्रमात परतते, आणि तिला वॉकर धरून उभं करायला फिजिओथेरपिस्ट काही महिने लागतो. तो खर्च कुणाचा? ते जमलं नाही की ती पडून राहते, पाठीला जखमा होतात, छातीत कफ साचतो, आणि पुन्हा भरती. दुसऱ्या भरतीचे पैसे सरकार देतं, पण ती टाळणाऱ्या फिजिओथेरपीचे देत नाही. हा हिशोब मला पटत नाही. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून ज्येष्ठांना महिन्याला मिळणारे २,००० रुपये यात कुठे पुरणार? डायपर ३५ रुपयांचा धरला आणि दिवसाला तीन लागले, तरी महिन्याला ३,१५० होतात. वृद्धाश्रमातल्या रुग्णांसाठी डिस्चार्जनंतरची मुदत १५ वरून निदान ९० दिवस करा आणि फिजिओथेरपी पॅकेजमध्ये घाला, ही मागणी आपल्या आमदारांपर्यंत जायलाच हवी.

तोपर्यंत एक करता येतं. वृद्धांसाठीचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम २०१० पासून आहे, आणि अंथरुणाला खिळलेल्यांना जागेवर जाऊन बघणं त्यात धरलेलं आहे. आश्रमाच्या व्यवस्थापनाने जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला रहिवाशांच्या यादीसह लेखी अर्ज द्यावा, महिन्याचा ठरलेला दिवस मागावा आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं.

आणि प्रत्येक रहिवाशाची एक फाइल ऑफिसात, कुलपाबाहेर: आधार, कार्डाची प्रत, चालू औषधांची यादी, ऑपरेशनच्या संमतीवर सही कोण करणार त्याचं नाव आणि नंबर, तो परदेशात असेल तर गोव्यातला दुसरा माणूस. योजनेतलं हॉस्पिटल पॅकेजमधल्या उपचारांचे वर पैसे मागू लागलं तर तिथूनच आयुष्मानच्या १४५५५ या हेल्पलाइनला फोन लावा, बिल भरून टाकल्यावर नव्हे.