पापुआतल्या गावात जागा घ्यायची का? कट्ट्यावर झालेलं भांडण

परवा रात्री कट्ट्यावर जे पेटलं ते लिहून काढतोय, कारण मंद्यासारखा विचार करणारे अजून बरेच जण असणार आणि त्यांनी पैसे टाकायच्या आधी हे वाचलेलं बरं.

मंद्याने राजा अम्पतच्या, म्हणजे इंडोनेशियाच्या पूर्व टोकाला पापुआकडच्या बेटांच्या, रील्स बघितल्यात आणि त्याचं ठरलंय की पाच जणांनी दहा दहा लाख टाकायचे, एखाद्या बेटावरच्या गावात किनाऱ्याला लागून जागा घ्यायची, पाण्यावर चारपाच झोपड्या बांधायच्या आणि भाड्याने द्यायच्या. बाली आता हाताबाहेर गेलं, पापुआ अजून स्वस्त आहे, आत्ता घुसलो तर घुसलो. मग म्हातारपणी आपणच जाऊन राहू तिकडे, हेही होतं त्यात.

आमच्यात तिकडे प्रत्यक्ष राहिलेला एकच, विन्या. मालवणचा आहे, तारकर्लीला स्कुबा शिकला आणि नंतर काही सीझन राजा अम्पतला डाइव्ह बोटीवर कामाला होता. त्याने शांतपणे विचारलं, "जागा कुणाकडून घेणार तू?" मंद्या म्हणला ज्याची असेल त्याच्याकडून. विन्या म्हणला, अरे तिथेच तर गोची आहे, एका माणसाची नसतेच ती. जमीन कुळाची असते, कूळ म्हणजे आपल्याकडचं कसणारं कूळ नाही, एका वंशातले सगळे भाऊबंद, मार्गा म्हणतात त्याला, आणि नुसती जमीन नाही, मागचं जंगल आणि समोरच्या समुद्रातलं कोरल, म्हणजे प्रवाळसुद्धा कुळाचं. एखादा भाऊ तुला सही करून देईल, पैसे घेईल, आणि दोन वर्षांनी त्याचा चुलत भाऊ जंगलातून परत येऊन म्हणेल मला कुणी विचारलं होतं? मग रस्त्यावर नाहीतर जेटीवर आडवा बांबू लागतो, पालांग, आणि तो हटवायची कुणाची टाप नसते. सरकारी शाळांना आणि विमानतळांनासुद्धा असे पालांग लागलेत तिकडे, तुझ्या चार झोपड्यांचं काय घेऊन बसलास.

नीता सीए आहे, तिच्या एका क्लायंटला बालीत व्हिला घ्यायचा होता म्हणून तिने इंडोनेशियाचे नियम वाचलेले. ती म्हणली, कुळाचं सोड मंदार, 1960 च्या जमीन कायद्यातच आहे की पूर्ण मालकी फक्त इंडोनेशियन नागरिकाला. परदेशी माणसाने कंपनी काढायची तर गुंतवणूक 10 अब्ज रुपियाच्या वर दाखवावी लागते, म्हणजे आपले पाच कोटींच्या वर, आणि त्यात जागेचे पैसे धरायचे नाहीत. मंद्या लगेच, "मग लोकल माणसाच्या नावावर घेऊ की!" नीता अशी भडकली ना, म्हणली असे व्यवहार तिथल्या कायद्यात बादच आहेत, तो माणूस उद्या फिरला तर तू कुठल्या कोर्टात जाणार? आणि पापुआला 2001 चा वेगळा स्वायत्तता कायदा आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की कुळाच्या जमिनीवर काही करायचं तर आधी त्यांच्याबरोबर बसून बोलणी झाली पाहिजेत.

इथपर्यंत सगळे विन्या आणि नीताच्या बाजूने होते. पण मग तात्या बोलले, आणि तात्यांचा मुद्दा खरंच जड होता. म्हणाले, "तुम्हाला बघायला सुंदर वाटावं म्हणून त्या लोकांनी काय कायम गरीब राहायचं का? बाहेरचा पैसा आला नाही तर पोरांच्या फिया, औषधपाणी, बोटीचं इंजिन कुठून येणार?"

विन्या म्हणाला तात्या तुमचं बरोबर आहे, पण पैसा येतोय ना, फक्त तो कसा येतोय ते बघा. गाम, क्री, अर्बोरेक, या बेटांवर होमस्टे गावातल्याच कुटुंबांचे आहेत. लाकडाची खोली, झावळ्यांचं छप्पर, गादी, मच्छरदाणी, तीन वेळचं जेवण, माणशी रात्रीला साधारण चार ते सहा लाख रुपिया, म्हणजे आपले दोन हजारांपासून तीन सव्वातीन हजार. जागा त्यांची, दर त्यांनी ठरवलेला, संघटना त्यांची. छप्पर काही वर्षांनी बदलावं लागतं, तेव्हा झावळ्या विणणाऱ्या बायकांना पैसे मिळतात, मासे शेजारचा देतो, बोट भाचा चालवतो. आणि मुख्य म्हणजे समोर कोरल आणि मांटा, म्हणजे ते पंखासारखे पसरट मोठे मासे, जिवंत असले तरच पाहुणा येणार हे अख्ख्या गावाला कळलंय, त्यामुळे राखणही तेच करतात. ससी म्हणून पद्धत आहे, समुद्राचा एक तुकडा ठरवून बंद करायचा, चर्चमध्ये प्रार्थना करून, आणि मग महिनोन् महिने तिथला शिंपला, शेवंड, समुद्रकाकडी कुणी काढायची नाही. राजा अम्पतमधल्याच मिसूल बेटाकडे कापातचोल गावात तर ससीचा एक तुकडा बायकांच्या गटाने सांभाळलाय. उघडतात तेव्हा जे निघतं त्यातून गावाची कामं होतात.

तरी तात्या ऐकेनात. म्हणाले, मोठा रिसॉर्ट आला तर पन्नास जणांना पगार मिळेल. आणि इथे विन्याने स्वतःच्या विरोधातलं उदाहरण दिलं, हे मला त्याचं फार आवडलं. मिसूलला बात्बितिम बेटावर पूर्वी शार्कचे पर कापायचा तळ होता, तिथे बाहेरच्या माणसांनी 2005 ला गावकऱ्यांशी करार केला, जागा विकत नाही, भाडेपट्ट्याने, आणि करारात आजूबाजूचा समुद्र मासेमारीला बंद ठेवायचं पण आलं. आज तिथे गस्तीवर लोकल माणसं पगारी आहेत आणि शार्क परत आलेत. म्हणजे बाहेरचा पैसा वाईटच असं नाही. पण ती माणसं तिथे वर्षानुवर्षं राहिली, मंद्यासारखी ठाण्यात बसून भाडं मोजायला नाही गेली.

मग उलट बाजू पण निघाली. 2017 ला कॅलेडोनियन स्काय नावाचं क्रूझ जहाज क्रीजवळ ओहोटीत कोरलवर चढलं आणि तेरा हजार चौरस मीटरपेक्षा जास्त कोरल भुगा झालं. निकेलच्या खाणी बेटांवर शिरल्या, आरडाओरडा झाला तेव्हा कुठे जून 2025 मध्ये सरकारने पाचपैकी चार परवाने रद्द केले, गाग बेटावरचा राहिलाच. आणि पापुआच्या दक्षिणेला मेराउके भागात 2010 पासून शेतीच्या मोठ्या प्रोजेक्टच्या नावाखाली जंगल जातंय, 2024 ला ऊस आणि भाताचं आणखी प्रचंड काम सुरू झालं, ज्या साबुदाण्याच्या झाडावर तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या जगली तीच झाडं साफ होतायत, आणि लोक जंगलाच्या कडेला लाल क्रॉस रोवून सांगतायत की ही आमची जागा आहे. गुंतवणूक हा शब्द तिथल्या माणसाने असा अनुभवलाय. तू गावात जाऊन मी इन्व्हेस्टर आहे म्हणलास तर ते तुझ्याकडे कसे बघतील सांग बरं.

विन्याचा आवाज तेव्हा जरा चढलाच. त्याच्या आजोबांनी किनाऱ्याची जागा विकली होती आणि आज तिथे हॉटेल आहे, चुलत भाऊ गेटवर वॉचमन आहे. "एकदा इकलेली जमीन परत गावना नाय रे," इतकंच म्हणला आणि गप्प बसला. मला विचाराल तर अख्ख्या वादाचा निकाल माझ्यासाठी तिथेच लागला. पापुआतल्या त्या गावांकडे अजून विकायला न काढलेली जमीन आहे, म्हणूनच अजून गाव आहे, आणि त्यात भोक पाडणारे आपण नको.

राहायला जायचं तर? ते पण बोललो थोडं. व्हिसा ऑन अरायव्हल 30 दिवसांचा, एकदा वाढवून 60. लाइट बऱ्याच ठिकाणी संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत जनरेटरवर, अंघोळ बादलीने, मलेरिया आहे, मोठ्या दुखण्याला सोरोंग, म्हणजे बेटांच्या जवळचं मोठं शहर, गाठावं लागतं. रविवारी सगळं गाव चर्चमध्ये, त्या दिवशी बोट मागू नये. सुपारी मात्र तिकडे सगळे खातात, चुन्यासकट, तात्या खूश झाले ऐकून. आणि पापुआ म्हणजे एकच काहीतरी नाही, वामेनाच्या डोंगराकडे संघर्ष आहे, तिकडे पोलिसांचा प्रवास परवाना लागतो, आणि त्याच डोंगराळ भागातल्या न्दुगात न्यूझीलंडच्या एका पायलटला बंडखोरांनी 2023 ते 2024 दीड वर्षाच्यावर धरून ठेवलं होतं. राजा अम्पत शांत आहे.

शेवटी मंद्या थोडा नरमला, म्हणला बरं, मग निदान जाऊन तरी येऊ. मुंबईहून जकार्ता, जकार्ताहून सोरोंग, तिथून फेरीने दोनेक तासात वायसाई, राजा अम्पतचं मुख्य गाव. परदेशी पाहुण्याला पर्यावरणाचं कार्ड घ्यावं लागतं, सात लाख रुपिया, वर्षभर चालतं, शिवाय प्रवेशाची वेगळी पावती. ऑक्टोबर ते एप्रिल समुद्र बरा असतो, जुलै ऑगस्टला वारा फार. सगळ्यात जास्त खर्च बोटीच्या पेट्रोलचा, म्हणून चारपाच जणांनी मिळून जावं, आणि बुकिंग थेट कुटुंबाशी करावं, दर पाडून मागू नये. नीताने तिथल्या तिथे ग्रुप काढला, तात्यांना पण ॲड केलंय, आता नोव्हेंबर की फेब्रुवारी यावर मेसेज चालू आहेत.