पोरकट कोणाला म्हणताय?

चार वर्षांचं मूल ताट वाजवतं आणि घरातलं मोठं माणूस खेकसतं, "काय हा पोरकटपणा!" अरे, पोरच आहे ते! हे ऐकलं की दरवेळी डोकं सणकतं.

पोरकट हा शब्द मोठ्यांसाठी आहे. त्यातला तो 'कट' बघा: मळकट, तेलकट, कळकट. या पंगतीत कौतुकाचं काही नाही. वय वाढलं पण समज वाढली नाही, असल्या माणसाला तो लावायचा. बालिशही तसाच. संस्कृतात तर बालिश म्हणजे सरळ मूर्ख, असाही अर्थ आहे. मुलांसाठी अवखळ आहे, खोडकर आहे, हूड आहे, अगदीच वैताग आला तर द्वाड आहे. मोठेपणीही टिकून राहिलेल्या निर्मळ कुतूहलाला बालसुलभ म्हणता येतं. एवढे शब्द हाताशी असताना सगळ्यांवर एकच शिक्का का मारता?

पन्नाशीच्या बाई हौसेनं झोपाळ्यावर बसल्या, आजोबा नातवंडांबरोबर लपाछपी खेळले, की लगेच पोरकट! कुणाचं काय बिघडलं त्यात? आणि भर बैठकीत रुसून बसणारा, आपलं ऐकलं नाही म्हणून ठरलेलं काम मोडणारा, चूक दाखवली की महिनोन्‌महिने अबोला धरणारा? तो मानी! त्याचा स्वभावच तसा! तिथं कुणाची जीभ उचलत नाही. त्याला म्हणा की पोरकट. शब्द त्याच्यासाठीच तर आहे.