"वाळवंटात कसली आलीय वाईन?" या प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं थोडक्यात असं की ॲरिझोनात पंचेचाळीस डिग्री ऊन, तिथं द्राक्षं येणं शक्यच नाही, वायनरीवाले कॅलिफोर्नियाचा माल आणून टुरिस्टांना गंडवतात आणि मी लेखात डोंगर सोडून त्यांची फुकट जाहिरात केली, वर दारू पिऊन गाडी चालवायला लोकांना उत्तेजन दिलं.

अहो, ते पंचेचाळीस डिग्री फिनिक्स शहराचं. फिनिक्स समुद्रसपाटीपासून जेमतेम १,१०० फुटांवर आणि द्राक्षबागांचं विलकॉक्स गाव ४,००० च्या वर, त्यामुळे दिवसा चटके बसले तरी रात्री हवा चांगली गार पडते आणि त्या गारव्यामुळेच द्राक्षात साखर भरली तरी आंबटपणा टिकून राहतो. तिथल्या शेतकऱ्याची झोप उडते ती उन्हानं नाही, वसंतातल्या उशिराच्या फ्रॉस्टनं, म्हणजे गोठलेल्या दवानं, आणि ऐन पीक तयार होताना मान्सूनमध्ये पडणाऱ्या गारांनी. आणि हे कालचं फॅडही नाही, ॲरिझोनातल्याच सोनोइटाला १९८४ मध्येच अधिकृत वाईन प्रदेशाचा दर्जा मिळाला, विलकॉक्सला २०१६ मध्ये.

बाहेरची द्राक्षं काहीजण घेतात, नाही कशाला म्हणू, पण लेबल वाचा ना! विलकॉक्स छापलं असेल तर किमान ८५ टक्के द्राक्षं तिथलीच लागतात, फेडरल नियम आहे, नुसतं ॲरिझोना असेल तर ७५. फक्त 'अमेरिकन' दिसलं तर खुशाल शंका घ्या.

डोंगर सोडले म्हणता? चिरिकाहुआ नॅशनल मॉन्युमेंट या दगडी सुळक्यांच्या संरक्षित डोंगराळ भागावर अर्धा लेख आहे की! २ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीची तापलेली राख थरावर थर बसून घट्ट झाली, गार होताना तडकली, मग पाण्यानं आणि बर्फानं त्या भेगा रुंद करत करत हे सुळके मोकळे केले. तिथल्या मसाई पॉइंट या व्ह्यूपॉइंटला नुसतं लांबून फोटो काढून परत फिरू नका, दगडाला नाक लावून बघा, राखाडी खडकात प्युमिसचे, म्हणजे ज्वालामुखीतल्या सच्छिद्र हलक्या दगडाचे, चपटे झालेले फिकट तुकडे दिसतात आणि वरून पिवळट हिरवं लायकेन (दगडफूल). मला तर लांबच्या व्ह्यूपेक्षा हेच जास्त आवडलं.

राहिलं ड्रायव्हिंग. तिथली रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के असली तरी त्याखालीही गाडी चालवण्यावर जरासा परिणाम दिसला तर केस होते, म्हणून चालवणाऱ्यानं प्यायचीच नाही, याबाबतीत तुमच्याशी शंभर टक्के सहमत. आधी डोंगर, टेस्टिंग दुपारनंतर. आणि हो, मॉन्युमेंटच्या आत पेट्रोल मिळत नाही, टाकी विलकॉक्सलाच फुल करून घ्या.