इलेक्ट्रॉनची 'फुकट ऊर्जा': जमाखर्च तपासून पाहू

नागपुरात बीएस्सी-एमएस्सीच्या पोरांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: प्रखर लेझरमध्ये सापडलेला इलेक्ट्रॉन प्रकाश फेकतो, त्या प्रकाशाचा धक्का त्यालाच बसतो, वेग वाढतो, मग तो आणखी प्रकाश फेकतो, आणि हे चक्र थांबतच नाही. म्हणजे फुकट ऊर्जा! इंग्लंडमध्ये 2018 साली हे सिद्ध झालं, विद्युतचुंबकत्वाची समीकरणं देणारा मॅक्सवेल खोटा ठरला, आता फक्त पेटावॅट (10¹⁵ वॅटचा) लेझर आणा. ज्या नागपुरात रामन कधीकाळी सरकारी हिशेब खात्यात नोकरीला होते, तिथल्या मंडळींनी पुढे पाठवण्याआधी निदान जमाखर्च तरी पाहायचा.

धक्का बसतो, हे खरंच आहे. त्वरण मिळालेला प्रभार विकिरण करतो, हे लार्मरने 1897 मध्ये मांडलं. विकिरणाबरोबर ऊर्जा आणि संवेग निघून जातात, तेव्हा त्याचा परिणाम इलेक्ट्रॉनच्या गतीवर होणारच. हीच रेडिएशन रिॲक्शन. तिचा खर्च बघायला इंदूरला जावं. तिथल्या इंडस-2 या इलेक्ट्रॉन गोल फिरवत ठेवणाऱ्या यंत्रात 2.5 गिगा (अब्ज) इलेक्ट्रॉन व्होल्टचा (हे ऊर्जेचं सूक्ष्म एकक) इलेक्ट्रॉन दर फेरीत सुमारे 6 लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट प्रकाशात घालवतो आणि आरएफ कॅव्हिटी (रेडिओलहरींनी इलेक्ट्रॉनला ऊर्जा देणारी पोकळी) ती तूट भरून काढते. कॅव्हिटी बंद करा, बीम काही क्षणांत नाहीसा होतो. यात फुकट काय आहे?

तरी 'चक्र थांबतच नाही' हे कुणीतरी हवेतून काढलेलं नाही. अब्राहम, लॉरेंट्झ आणि नंतर 1938 मध्ये डिरॅक यांच्या रेडिएशन रिॲक्शनच्या समीकरणात त्वरणाच्या बदलाचा दर येतो. त्यामुळे बाहेरचं बल शून्य असतानाही त्वरण वाढतच जाणारं एक उत्तर निघतं. पाठ्यपुस्तकात हे पान असतं. मेसेजवाल्याने तेवढंच वाचलेलं दिसतं. ही वाढ होते सुमारे 6×10⁻²⁴ सेकंदांच्या मापावर. तेवढ्या वेळात प्रकाश जेमतेम एका प्रोटॉनच्या व्यासाएवढा सरकतो. या अंतरावर अभिजात (क्वांटमच्या आधीच्या) भौतिकीतला बिंदुरूप इलेक्ट्रॉन चालतच नाही. पुंज (क्वांटम) परिणाम त्याच्या कितीतरी आधी सुरू होतात. म्हणून लांडाऊ-लिफशिट्झ पद्धतीत त्वरणाच्या बदलाच्या जागी बाहेरच्या बलाचा बदल घालतात. पळत सुटणारं उत्तर गळून पडतं. लेझर-प्लाझ्माची अभिजात गणितं सर्रास अशीच होतात. दोष समीकरणाच्या मर्यादेत होता, निसर्गाने तिजोरी उघडी ठेवलेली नव्हती.

मेसेजला उत्तर म्हणून काहींनी लिहिलं, 'हे बल फक्त ब्रेक आहे.' तेही अर्धवटच. स्थिर इलेक्ट्रॉनवर सौम्य प्रकाशलहर पडली की तो विद्युतक्षेत्राबरोबर आडवा हेलकावतो. रेडिएशन रिॲक्शन सोडून दिली तर वेग आणि क्षेत्र यांच्यात बरोबर पाव चक्राचा फरक राहतो. चुंबकीय बल कधी पुढे, कधी मागे, सरासरी शून्य. लहर निघून गेली की इलेक्ट्रॉन पुन्हा थांबलेला. रेडिएशन रिॲक्शन धरली की तो फरक किंचित हलतो आणि सरासरी बल पुढच्या दिशेने उरतं. मोकळ्या इलेक्ट्रॉनवरचा प्रकाशाचा दाब तो हाच! इथे इलेक्ट्रॉनचा वेग वाढतो खरा, पण पैसे लेझर देतो: पुढे जाणारा प्रकाश घेतला, सगळ्या दिशांना उधळला, संवेगाची बाकी इलेक्ट्रॉनच्या खात्यात.

'फक्त पेटावॅट हवा' हेही चूक, कारण दिशा महत्त्वाची. लेझरच्या मागून त्याच दिशेने धावणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनवर विद्युत आणि चुंबकीय बलं जवळजवळ एकमेकांना खाऊन टाकतात. तोच समोरून आला, तर 2 गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या इलेक्ट्रॉनला स्वतःच्या चौकटीत (म्हणजे त्याच्यासोबत धावून पाहिलं तर) क्षेत्र जवळपास 8 हजार पट जाणवतं. लेझर तोच, आणि एवढा फरक.

राहिलं 2018. त्या वर्षी इंग्लंडमधल्या रदरफोर्ड ॲपलटन प्रयोगशाळेतल्या जेमिनी लेझरवरचे दोन प्रयोग प्रसिद्ध झाले. लेझरनेच तयार केलेला इलेक्ट्रॉनांचा झोत दुसऱ्या लेझर स्पंदावर समोरासमोर आदळवला. एका प्रयोगात इलेक्ट्रॉनांची घटलेली ऊर्जा आणि पलीकडे पकडलेले गॅमा किरण यांचा मेळ लागला. दुसऱ्यात, 2 गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पुढे जाणाऱ्या झोतातल्या इलेक्ट्रॉनांनी 30 टक्क्यांपर्यंत ऊर्जा गमावली. गमावली, भाऊ, कमावली नाही. मॅक्सवेलही खोटा ठरला नाही. या टोकाला अभिजात सूत्र तोटा जरा जास्त सांगतं, कारण त्याच्या हिशेबात इलेक्ट्रॉनच्या स्वतःच्या ऊर्जेपेक्षा मोठे फोटॉनही बसतात. पुंज हिशेबात ते बाद होतात, आणि उत्सर्जन अखंड धारेसारखं न होता एकेका फोटॉनने, नशिबाच्या फाशांवर होतं. एखादा इलेक्ट्रॉन मोठा फोटॉन फेकून बसतो, शेजारचा काहीच न देता पार होतो.