जिम्नॅस्ट म्हणजे तयार सैनिक? तितकं सोपं नाही

पहिल्या महायुद्धात गेलेल्या खेळाडूंवर पोस्ट आली की 'कसलेलं शरीर, म्हणून उत्तम सैनिक' हे वाक्य हमखास येतं. ब्रिटिश जिम्नॅस्टांच्या बाबतीत मला ते अर्धंच पटतं.

बर्मिंगहॅमचा चार्ल्स व्हिगर्स घ्या. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये सांघिक कांस्य मिळवणाऱ्या ब्रिटनच्या २३ जणांत तो होता. (तिसरे आलो म्हणायचं, पण पाचच संघ होते!) १९१७ मध्ये तो पश्चिम आघाडीवर कामी आला.

आता तयारी बघा. कारखान्यात राबून संध्याकाळी व्यायामशाळेतल्या आडव्या बारवर लटकणाऱ्यांचा हा खेळ. बारभोवती पूर्ण गिरकी घेताना खालच्या टप्प्यात हातांवर शरीराच्या वजनाच्या तीन-चार पट ओढ येते. अंग आखूड, तर फिरणं सोपं. म्हणून बुटका गडी इथे फायद्यात. भरतीच्या टेबलावर नेमकं उलटं. सप्टेंबर १९१४ मध्ये रांगा आवरेनात, म्हणून किमान उंची ५ फूट ३ इंचांवरून थेट ५ फूट ६ इंच केली. नोव्हेंबरपर्यंत ती परत खाली आणावी लागली, ही गोष्ट वेगळी.

तळहाताचे घट्टे तर सैन्यात बिनकामाचेच. बारवर ते जाड होऊ दिले की सोलून निघतात, म्हणून घासून पातळ ठेवायचे, हात घसरू नये म्हणून मॅग्नेशियाची पांढरी पूड लावायची. पायदळात मात्र सगळा भार खाली: साधारण २७ किलो ओझं, चिखल आणि ओले बूट. खंदकात तासन्‌तास थंड पाण्यात उभं राहिलं, त्यात पोटऱ्यांवरच्या कापडी पट्ट्या घट्ट गुंडाळलेल्या असल्या, की रक्तपुरवठा मंदावतो, पाय सुजतात, बधिर होतात, सडतातसुद्धा. त्यावर उपाय म्हणजे व्हेलचं तेल चोळणं आणि कोरडे मोजे बदलत राहणं. इथे दंडातली ताकद काय करणार? बहुतेक जखमा तोफगोळ्यांच्या होत्या, त्यांना तर पदक आणि बिनपदक सारखेच.

मग त्यांना पीटी इन्स्ट्रक्टर करायचं की, असं कोणी म्हणेल. मलाही तीच जागा योग्य वाटते, पण तिथेही मेख आहे. महायुद्धाच्या आधीच ब्रिटिश सैन्य साधनांवरच्या कसरती मागे टाकून स्वीडिश पद्धतीकडे वळलं होतं: हुकूम सुटला की अख्ख्या तुकडीने एकदम करायच्या हालचाली, आणि जोडीला संगिनीचा सराव. बारवरच्या माणसाला तेही नव्यानेच शिकावं लागायचं.