साप चावलेला माणूस ‘भीतीने’ मरतो?

आगोट जवळ आली की वाडीच्या ग्रुपवर तो मेसेज फिरतोच. यंदाही आला: ‘साप चावलेला माणूस विषाने नाही, भीतीने मरतो. घाबरून हृदय बंद पडते, श्वास कोंडतो. धीर द्या, उतारा करा, दवाखान्याची घाई नको. आमच्या गावात अशी ५ माणसे वाचली.’

आधी हृदय घेऊ, कारण यात थोडे तथ्य आहे आणि त्यामुळेच मेसेज पटतो. गेल्या वर्षी कलमांच्या बागेत पातेऱ्यात पाय टाकणार, तोच फुरशाने अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून चर्र आवाज केला. पाय हवेतच राहिला. श्वास अडकला. छातीत क्षणभर सामसूम. उडी मारून गडग्यावर चढलो तेव्हा मात्र ठोके कानात वाजत होते. हा खेळ मेंदूच्या देठातला. मध्यमेंदूत एका अरुंद नळीभोवती करड्या पेशींचा वेढा असतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याचा खालचा भाग चेतवला की प्राणी थिजतो आणि व्हेगस चेतेमार्फत हृदयाची गती उतरते. वरचा भाग चेतवला की पळापळ सुरू होते, रक्तदाब आणि ठोके चढतात.

पण गती उतरणे म्हणजे बंद पडणे नव्हे. ठोका हृदयात स्वतःतच तयार होतो, मेंदू फक्त त्याचा वेग कमीजास्त करतो. हृदयरोपणात मेंदूकडून येणाऱ्या चेता तुटतात, तरी नवे हृदय धडधडतच राहते. कधी हा ब्रेक जरा जास्तच लागतो, दाब पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस कोसळतो. आडवा झाला की डोक्याकडे रक्त पोचते आणि थोड्या वेळात तो उठून बसतो. श्रेय जाते उताऱ्याला.

जबर धक्क्याने हृदय खरेच दुबळे होते, असा एक आजार आहे, ताकोत्सुबो. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये त्याला हे नाव दिले. हृदयाचा डावा कप्पा तिकडच्या कोळ्यांच्या अष्टपाद धरायच्या मडक्यासारखा फुगतो, म्हणून. आजार गंभीरच, पण बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. आधीच हृदय अधू असेल तर भीती जिवावर बेतूही शकते. म्हणून काही दरवर्षीचे सर्पदंशाचे मृत्यू तिच्या खात्यावर टाकता येत नाहीत.

आता श्वास. इथे मेसेज साफ खोटा ठरतो, आणि साक्षीदार आहे मण्यार. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश फारसा दुखत नाही, कित्येकांना जागही येत नाही. भ्यायला माणूस जागा तरी हवा! पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, मग श्वास अपुरा पडतो. श्वासाचा ताल धरणाऱ्या पेशी लंबमज्जेत, म्हणजे मेंदूच्या देठाच्या खालच्या टोकात असतात. १९९१ मध्ये उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूत त्यांची नेमकी जागा सापडली. मण्यारीच्या दंशात त्या पेशी आपले काम करतच असतात. हुकूम सुटतो, पण विषाने चेता आणि स्नायू यांच्यामधला सांधाच निकामी केलेला असतो, त्यामुळे श्वासपटल हलत नाही. अशा रुग्णाला अंबू बॅगने (हाताने दाबून हवा द्यायच्या फुग्याने) किंवा व्हेंटिलेटरवर श्वास देत राहिले तर तो वाचू शकतो.

फुरसे आणि घोणस यांचे तर विचारूच नका. आरोग्य केंद्रात रुग्णाचे थोडे रक्त कोऱ्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात. नळी तिरकी केल्यावर रक्त पाण्यासारखे वाहिले तर ते गोठत नाही, म्हणजे विष भिनले आहे. घाबरून कुणाचे रक्त असे झाल्याचे मी ऐकलेले नाही.

उलट, भीतीसारखी दिसणारी लक्षणे विषाची असू शकतात. लाल विंचू चावला की घाम फुटतो, हातपाय गार पडतात, दाब चढतो, पुढे फुप्फुसात पाणी भरते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन हे औषध वापरून कोकणात कितीतरी जीव वाचवले. ‘घाबरलाय, बसेल शांत’ म्हणत बसले असते तर?

धीर जरूर द्या. माणूस बिथरून धावला की स्नायूंच्या हालचालीने विष लवकर पसरते. चावलेला अवयव हलू देऊ नका, खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत उचलून न्या, १०८ ला फोन करा. प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते.

राहिली ती ५ माणसे. बिनविषारी साप चावतात, विषारी सापही कधी विष न सोडता चावतो. त्या पाचांना काय चावले होते, ते मेसेजमध्ये कुठेच नाही.